स्टेशनरोडच्या गाडीवाल्या बाई

"जायचं कळलं. परत कसं यायचं?"

फोन उचलल्यावर बाईंचा दुसरा प्रश्न हा असायचा. पहिला अर्थातच "कोण बोलतंय?" कुठे जायचं, किती माणसं, सामान काय, हे सगळं मागाहून. चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर त्यांच्या दोन गाड्या भाड्याने मिळत. एक काळी ॲम्बॅसिडर आणि एक सायीच्या रंगाची फियाट. त्या गाडीत बसायचं तर आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रान्सपोर्ट विभागात कारकून होतो. सत्तर सालाच्या पुढचीमागची वर्षं. कारखान्याच्या स्वतःच्या गाड्या साहेबांना पुरत नसत, त्यामुळे पाहुणा आला की बाहेरून गाडी मागवायची, हे माझं काम. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "सांताक्रूझ विमानतळावर एका पाहुण्यांना सोडायचंय."

"जायचं कळलं. परत कसं यायचं?"

"अहो, पाहुणे विमानाने जाणार. परत कशाला येतील?"

"पाहुणे जातील. माझी गाडी कुठे जाईल? ती परत यायचीच. रिकामी आली तरी भाडं तुम्हालाच. त्यापेक्षा मुंबईहून कुणी यायचं आहे का ते साहेबांना विचारा, आणि मग फोन करा."

फोन बंद. मी रागावून साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "अरे हो, मुंबई ऑफिसचे दोघं उद्या इकडे येणारच आहेत की!" त्या दिवसापासून मी बाईंचा ग्राहक झालो. बाई मात्र शेवटपर्यंत मला नावाने ओळखत नव्हत्या. त्यांच्या लेखी मी 'ट्रान्सपोर्टवाले'.

बाईंना तुम्ही पाहिलं असतं तर त्या गाड्या भाड्याने देतात असं तुमच्या मनातही आलं नसतं. शाळेच्या मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा. इस्त्रीचं सुती पातळ, जाड काड्यांचा चष्मा, दारात लोखंडी घडीची खुर्ची. खुर्चीशेजारी स्टुलावर काळा फोन, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. आजूबाजूच्या घरांत कारखान्यातले सुपरवायझर, शाळामास्तर, बँकेतले लोक राहत. त्यांच्या बायका सुरुवातीला बाईंशी जपूनच बोलत. ड्रायव्हर लोकांशी दिवसभर बोलणारी बाई, म्हणून.

गाड्या मूळच्या त्यांच्या यजमानांच्या. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना पुणे-मुंबई रस्त्यावर स्वतः टॅक्सी चालवत, त्यांनी एकीच्या दोन गाड्या केल्या, आणि मग त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही. डॉक्टरांनी हात टेकले. मी ओळखू लागलो तेव्हा नाना पूर्ण आंधळे होते. आतल्या खोलीत खिडकीशी बसून रेडिओ ऐकत. धंदा बाईंच्या हाती आला होता, आणि गाडी चालवायला खडकीचे रशीदभाई होते. फियाटवर कुणी ना कुणी बदली ड्रायव्हर असे.

गाडी भाड्याने द्यायला बसलेली ही बाई लोकांना गाडी घेऊ नका असंच जास्त सांगे, याची मला फार मौज वाटायची. एकदा मी बसलो असताना लातूरकडचा एक तरुण फिटर आला. बायकोला पहिल्यांदाच घेऊन यायचं होतं. सासरचे पुण्यापर्यंत आणून सोडणार, तिथून चिंचवडपर्यंत गाडी हवी होती. दिवसभरासाठी.

"दिवसभर कशाला?" बाईंनी विचारलं.

"त्यांची गाडी पुण्याला केव्हा येईल सांगता येत नाही ना, बाई."

"मग ऐका. दिवसाचं भाडं म्हणजे ठरावीक किलोमीटर तुम्ही फिरलात असं धरून घेतलेलं असतं. फिरा नाहीतर झाडाखाली उभी करा, तेवढे द्यावेच लागतात. वर ड्रायव्हरचा भत्ता. शिवाय मीटर तुमच्या दारापासून सुरू होत नाही, माझ्या दारापासून होतो, आणि माझ्या दारातच थांबतो. कळलं? तुम्ही असं करा, पुण्याहून लोकलने या. स्टेशनवर उतरलात की रशीदभाई उभे असतील. स्टेशनपासून तुमच्या खोलीपर्यंत तिला गाडीतून न्या. शेजारपाजारचे बघणार ते तेवढंच."

पोरगा खूश होऊन गेला. मी म्हटलं, "बाई, अशाने धंदा कसा चालायचा?"

"त्याच्या घरी अजून पाळणा हलायचाय, आईबाप आणायचेत, बदली व्हायचीय. दहा वेळा गाडी लागेल त्याला. पहिल्याच वेळी पोळला तर पुन्हा इकडे फिरकेल का?"

त्या काळात आमच्या भागात रोज नवी माणसं येत होती. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. भोसरीला खोली, पिंपरीला नोकरी, आणि कधीतरी कामानिमित्त मुंबईचा फेरा. मुंबईची त्यांना धास्ती. बाई त्यांना खुर्चीवर बसल्या बसल्या तयार करून पाठवत. मुंबईत टॅक्सीत बसलात की मीटर खाली पाडायला लावा, तोवर पत्ता सांगू नका. पत्ता विचारायचा तर पानवाल्याला विचारू नका, त्याला फक्त रस्ता माहीत असतो. इस्त्रीवाल्याला विचारा, त्याला घरं माहीत असतात. गर्दीत चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, शेवटचं जिथे बरोबर होता तिथे परत जाऊन उभे राहा. मोठ्या इमारतीत गेलात तर लिफ्टवाल्याला आधी नमस्कार करा.

मी एकदा सहज विचारलं, "बाई, तुमचं मुंबईला बरंच जाणं होतं वाटतं?"

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. "लोणावळ्याच्या पलीकडे गेलेच नाही मी."

मग एवढं सगळं त्यांना माहीत कसं? ते हळूहळू लक्षात आलं. गाडी परत आली की बाई मीटरचा आकडा बघत, आणि उतारूला सहज सोडत नसत. "कुठे उतरलात? रस्त्यात काय नवीन झालंय? कुणी फसवलं का? जेवलात कुठे?" माणूस कंटाळलेला असे, पण बाई असं काही विचारत की तो बोलू लागे. मला वाटायचं, निव्वळ चौकसपणा. एका संध्याकाळी बिल द्यायला गेलो तर आतून बाईंचा आवाज येत होता. "...आणि पनवेलच्या अलीकडे नवा पेट्रोलपंप झालाय. तुम्ही ज्याच्याकडे चहा घ्यायचात ना, त्याचं हॉटेल आता पंपाच्या मागे गेलंय."

"म्हणजे वडाच्या तिथे?" नानांनी विचारलं.

"वड पाडला."

"असं," नाना म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि पुढे?"

मी बिल घेऊन दारातच उभा राहिलो. आत जाणं बरं वाटेना.

चिखलीच्या सोपानरावांचा किस्सा त्याच सुमाराचा. औद्योगिक वसाहतीसाठी त्यांची जमीन गेली होती आणि हातात रोख पैसा आला होता. पांढरंशुभ्र धोतर, कोरा कोट, नवं घड्याळ. त्यांनी बाईंकडून एकदा गाडी नेली, दुसऱ्यांदा नेली, मग रोजच येऊ लागले. पुण्याला सिनेमा, आळंदी, कुठल्याशा पाहुण्याकडे. शेवटी एक दिवस येऊन म्हणाले, "बाई, महिन्याचं ठरवून टाका. गाडी रोज पाहिजे."

"जायचं कुठे रोज?"

"कुठं बी."

"गाडी मिळणार नाही."

सोपानराव चिडले. "आमी काय फुकट मागतोय व्हय? पैसा हाय आमच्यापाशी!"

"म्हणूनच म्हणते. रोज गाडीत बसून कुठे जाणार तुम्ही?"

सोपानराव उठले, पायरी उतरले, आणि पाठमोरेच म्हणाले, "सकाळी उटून जायचं कुटं, ते तरी सांगा. रान ऱ्हायलं न्हाई."

मी फोनवरच्या रुमालाकडे बघत राहिलो. मग बाईंनी रशीदभाईंना हाक मारली आणि सांगितलं, "यांना वसाहतीतून फिरवून आणा. भाडं घेऊ नका." आणि सोपानरावांना म्हणाल्या, "तुमच्या रानात काय उभं राहिलंय ते एकदा बघून या. तिथे कामाला येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे गाडी नाही विचारत, खोली विचारतो. तुमचं गावठाण तरी शिल्लक आहे ना? खोल्या बांधा. पैसा मोटारीत घालू नका."

सोपानराव गाडीत बसले नाहीत. चालतच निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं रस्त्यात बाई दिसल्या तरी ते मान वळवत. खोल्या मात्र त्यांनी बांधल्या, हे मला आमच्याच कामगारांकडून कळलं.

मग रशीदभाई गेले. तेव्हा आखाती देशांत ड्रायव्हरांना चांगला पगार मिळत होता, आणि त्यांच्या दोन बहिणींची लग्नं राहिली होती. ते निरोप घ्यायला आले. "भाभी, मैं जाना नहीं चाहता था," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "रशीदभाई, वेडे आहात का? जा. तिथले रस्ते कसे आहेत ते लिहून पाठवा नानांना." आणि त्यांनी खरंच पाठवलं. वाळूतून सरळ जाणाऱ्या रस्त्याचं वर्णन बाईंनी नानांना कितीदा वाचून दाखवलं असेल!

रशीदभाईंच्या जागी आलेले ड्रायव्हर टिकेनात. एक पिऊन येई. दुसरा वाटेत परस्पर उतारू भरी. तिसऱ्याने फियाट दापोडीच्या पुलाजवळ ठोकली, ती विकावीच लागली. ॲम्बॅसिडर दारात उभी राहू लागली. फोन वाजे, बाई "गाडी नाही" म्हणत आणि रिसीव्हर ठेवत. मला वाटलं, संपलं आता.

एका बुधवारी बाईंनी मला फोन केला. "उद्या गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना सुट्टी. सकाळी मोकळे आहात का?"

"आहे. कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नाना मला गाडी शिकवणार आहेत."

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण दुसऱ्या दिवशी गेलो. तेव्हा भोसरीच्या वसाहतीत रस्ते रुंद होते, आखीव होते, आणि कितीतरी प्लॉट रिकामेच होते. शेजारच्या एका मेकॅनिकने गाडी तिथवर आणून दिली आणि तो चहा प्यायला गेला. बाई पदर खोचून स्टिअरिंगशी बसल्या, शेजारी नाना, मी मागे. माझं काम एवढंच, की काही आडवं आलं तर ओरडायचं.

"क्लच सोड. हळू. हळू म्हणतो ना!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"पुन्हा," नाना म्हणाले. "इंजिनाचा आवाज ऐक. ते सांगतं कधी सोडायचं. डोळ्यांवर जाऊ नकोस."

"अहो, डोळ्यांवर नको जाऊ म्हणजे काय? समोर शेळ्या आहेत!"

"शेळ्या!" मी ओरडलो.

"ब्रेक!" नाना ओरडले. शेळ्या आपापल्या वेगाने निघून गेल्या. त्या राखणारी म्हातारी मात्र थांबली, गाडीत डोकावली, स्टिअरिंगमागे बाई बघून तोंडाला पदर लावला आणि नानांना म्हणाली, "तुमी का बसलाय वो नुसते?"

"मला दिसत नाही, आजी."

म्हातारीने एकदा त्यांच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि शेळ्यांना हाकत शक्य तितक्या लांबून गेली. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. रेडिओशी बसलेले नाना असं हसतात हे मला माहीत नव्हतं. बहुधा बाईंनाही विसर पडला होता. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून नानांकडे बघतच राहिल्या.

असे बरेच गुरुवार गेले. गिअर टाकताना इंजिन कुरकुरलं की नाना म्हणत, "रडतंय ते. पुढचा टाक." आवाज गोल झाला की "आत्ता कसं!" म्हणत. रस्ता मी सांगायचा, गाडी नानांनी सांगायची. पुढे मेकॅनिकने बाईंना वाहत्या रस्त्यावर नेऊन त्यांचा हात पक्का करून घेतला. यथावकाश बाईंना लायसन मिळालं, भाड्याची गाडी चालवायचं सुद्धा.

पण बसणार कोण? आमचे साहेब म्हणाले, "बाई चालवणार? घाटात? पाहुण्यांना काय सांगू मी?" मी दोनतीनदा आग्रह करून पाहिला. दुसऱ्या कारखान्यांतूनही तेच. शेजारच्या घरांतून तर पडद्याआडून बघणं तेवढं वाढलं. गाडी रोज पुसली जाई आणि उभी राही. बाईंचं खुर्चीत ताठ बसणं जरा कमी झालं होतं.

अशात एका सकाळी सोपानराव आले. केस पिकले होते. कोट नव्हता. मी तिथेच होतो. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "आमच्या आयला समुद्र दावायचाय. म्हातारी झाली, लई दिवसांचं मनात हाय तिच्या. गाडी पाहिजे मुंबईला."

"ड्रायव्हर नाही," बाई म्हणाल्या. "मी चालवते."

"ठावं हाय. म्हनून तर आलो."

"घाट मी अजून एकदाही उतरलेले नाही, सोपानराव. आधीच सांगते."

"आमची आय बी पयल्यांदाच उतरनार हाय," सोपानराव म्हणाले. "दोघी संगट उतरा."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली. सोपानराव, त्यांची आई, पुढे नाना. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. परतायची त्यांची वेळ टळली तसा मी ऑफिसातून थेट बाईंच्या घरी जाऊन पायरीवर बसलो. पडद्याआडचे शेजारीही एकेक करून बाहेर आले होते. दिवेलागणीला गाडी आली. बाई उतरल्या, चष्मा काढला, पदराने पुसला. या वेळी विचारणारे आम्ही होतो.

"दादरला चुकले," बाई म्हणाल्या. "इस्त्रीवाल्याला विचारलं. त्या मेल्यानं उलट्या बाजूला पाठवलं!"

सगळे हसले. मग म्हातारीचं सांगितलं. तिने किनाऱ्यावर उभं राहून बराच वेळ पाणी न्याहाळलं, ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकलं आणि लेकाला म्हणाली, "एवढं पानी आन् समदं वाया गेलेलं." तरी तिथून निघायला तयार नव्हती.

"आणि घाट?" मी विचारलं.

नाना आत गेलेत हे बाईंनी बघून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "घाट नानांनीच उतरवला. आता डावं येईल, आता उजवं, आता उतार संपेल. सगळं पाठ त्यांना. एके ठिकाणी म्हणाले, 'सांभाळ, इथे मोठं वळण आहे.' तिथे वळण नव्हतं हो. रस्ता रुंद करताना काढून टाकलंय. सरळ होता."

"मग?"

"मग काय. 'हो हो, वळतेय' म्हटलं."

त्यानंतर गाडी दारात फारशी दिसली नाही. सोपानरावांनी अख्ख्या चिखलीत सांगितलं, त्यांच्या भाडेकरूंनी भोसरीत. बायकामाणसांना दवाखान्यात, माहेरी, परीक्षेला न्यायचं असलं की लोक मुद्दाम बाईंची गाडी मागू लागले. शेवटी आमच्या साहेबांनीही स्वतःच्या मुलीला मुंबईला सोडायला बाईंनाच बोलावलं. पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही.

ऐंशी उजाडल्यावर दिवस पालटले. पुण्यातल्या मोठ्या ट्रॅव्हल्सवाल्यांनी कारखान्यांशी वर्षाचे करार केले. रस्त्यावर मिनीबस आल्या. बाईंचं घर रस्तारुंदीत जाणार असं ठरलं. त्यांची मुलगी संगमनेरला दिलेली होती. ती दोघांना तिकडेच बोलावत होती. मला वाटलं होतं, बाईंना वाईट वाटेल. भेटायला गेलो तर त्या उत्साहात होत्या.

"तिथे एसटी स्टँडसमोर गाडी उभी करायला जागा आहे म्हणे. रस्ते सगळे नवे शिकावे लागतील. नाशिकची वाट कशी आहे हो, ट्रान्सपोर्टवाले? तुम्ही गेलाय ना?"

मी सांगत बसलो. त्या ऐकत होत्या, मध्येमध्ये नाना विचारत होते.

निघाल्या त्या दिवशी सगळी आळी रस्त्यावर आली होती. ॲम्बॅसिडरच्या टपावर गाद्या, ट्रंका, नानांचा रेडिओ चादरीत गुंडाळून. बायकांनी बाईंची ओटी भरली. सोपानराव आले होते. त्यांनी गाडीच्या चाकापुढे नारळ फोडला. बाई स्टिअरिंगशी बसल्या, नाना शेजारी. गाडी हलली, आळीतून सावकाश पुढे गेली आणि हमरस्त्याच्या तोंडाशी थांबली.

तिथे बाईंनी उजव्या खिडकीतून हात बाहेर काढला. सगळा, दंडापासून, ताठ. हिरव्या बांगड्या उन्हात दिसल्या. आम्ही सगळ्यांनी हात वर केले आणि जोरजोरात हलवले. बायका डोळे पुसत हलवत होत्या. पोरं ओरडत होती. सोपानराव टोपी काढून हलवत होते.

बाईंचा हात तसाच, जराही न हलता. उजवीकडे वळायचं होतं त्यांना. एक ट्रक गेला, दुसरा गेला, रस्ता मोकळा झाला, आणि गाडी वळून गेली.